आठव्या दिव्याचा जोड

वाकोल्याला आमच्या चाळीखालच्या दुकानात फोन आला तेव्हा मी पाणी भरत होतो. दिनूच्या थोरल्या बहिणीचा, शेवंताताईचा आवाज होता. "दिनू गेला रे, सकाळी..." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. त्याला कावीळ झाल्याचं मला माहीत होतं. परीक्षा संपली की माहुलला जाऊन भेटायचं, असं मी रोज ठरवत होतो... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

दिनूचे वडील होडीवर जातात, माझे गिरणीत होते. दोन्ही घरांतून कॉलेजात गेलेले आम्हीच पहिले. म्हणूनच बहुधा पहिल्या दिवसापासून एका बाकावर बसलो. शेवटच्या वर्षी अंधेरीतल्या एका लहान कारखान्याने आम्हाला बाटल्या धुण्याच्या यंत्राचा प्रोजेक्ट दिला. मायक्रोप्रोसेसरच्या आठ पिनांवरून आठ झडपा उघडायच्या. आमच्या बोर्डावर झडपांच्या जागी आठ लाल दिवे होते. कथलाने तारा जोडायचं सोल्डरिंग दिनूचं, कर्नल माझा. कर्नल म्हणजे त्या यंत्रापुरत्या छोट्याशा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठलाही प्रोग्रॅम एखादी पिन मागायला आला की कर्नल आधी मर्यादांचा तक्ता बघतो, आणि पिन मर्यादेबाहेरची असेल तर त्याला परत पाठवतो. तो तक्ता मी भरला होता. या पिना शून्यापासून मोजतात हे मला नुकतंच कळलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. दिनू एकपासूनच मोजायचा. मी हसलो की म्हणायचा, "पंडित, पाटीत शून्यावा मासा कधी बघितलास काय रे?"

बोर्ड चालू केला तर सात दिवे लागले, आठवा नाही. "माझाच जोड कच्चा असणार," दिनू लगेच म्हणाला. मला तसं वाटलंच नाही, असं म्हणता येणार नाही. त्याने जोड काढून पुन्हा केला. दिवा नाही. तीन दिवस तो भिंग घेऊन एकेक तार तपासत बसला. चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा जोडताना त्याचं बोट भाजलं, म्हणून तो नळाखाली धरायला गेला. मी सहज तक्ता वाचत होतो. तिथे एकूण पिना किती, ते लिहायचं होतं. मी शून्यापासून मोजत शेवटच्या पिनेचा नंबर लिहिला होता. आठच्या जागी सात. म्हणजे आठवी पिन माझा कर्नलच अडवत होता.

कर्नल ज्या चिपवर होता ती काढून मी दुसऱ्या चिपवर दुरुस्त तक्ता भरला आणि ती बोर्डात बसवली. तो आला की सांगणार होतो, खरंच. पण तो आला, त्याने बटण दाबलं आणि आठही दिवे लागले.

"लागला रे. तिसऱ्या खेपेला लागला," तो म्हणाला. ओलं बोट शर्टाला पुसत तो किती वेळ दिव्याकडेच बघत होता. कॉलेजातल्या सरांनी कर्नलचं काम विश्वासाने माझ्याकडे दिलं होतं... माझ्या तोंडून निघालं, "झकास, यार."

नंतर मी रोज उद्यावर ढकलत गेलो. मग तो आजारी पडला.

दहाव्याला माहुलला गेलो तेव्हा ताईला सगळं सांगायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन बोट दाखवत होता. म्हणाला, चूक माझीच होती, पण मीच सुधारली. बाबांनी अख्ख्या बंदरावर सांगितलं." मी चहा प्यायलो आणि निघून आलो.

बोर्ड आता माझ्याकडे आहे. चूक असलेली पहिली चिपही मी पुसलेली नाही. काल संध्याकाळी ती परत बसवली. सात दिवे लागले. आठव्याच्या पायाशी तीनदा तापवलेल्या कथलाचा काळपट गोळा आहे, त्यावर बोट ठेवून मी बसलो होतो. बाजूला चिडवायला कोणी नव्हतं. ताई वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचते, बाबांनाही वाचून दाखवील, म्हणून इथे लिहितो. दिनू, तुझा जोड पहिल्याच दिवशी बरोबर होता.