सोफ्यावरचं बहुमत

"ए टेप, पुढचा प्रश्न."

टेप म्हणजे मी. धुळ्यातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात, दिवाणखान्याच्या दाराशी, चपलांच्या रॅकला पाठ लावून मी बसलो होतो आणि आदल्या दिवशी दिलेला पेपर तोंडपाठ म्हणून दाखवत होतो. समोर सोफ्यावर डॉक्टरांचा मुलगा मिहिर आणि त्याचे दोन मित्र. मधल्या खुर्चीत स्वतः डॉक्टर, मांडीवर पॅड. मला नाव होतं. त्या घरात ते कुणी विचारलं नाही. माझा बाप त्यांच्याच दवाखान्यात वॉर्डबॉय, म्हणून मी 'सुकदेवचा'. आणि त्या दिवसापासून टेप.

"बटण दाबलं की वाजतो," मिहिर म्हणाला. सगळे हसले.

मीही हसलो. नुसता हसलो नाही, खुश झालो. त्या बंगल्याचं फाटक मी तोवर बाहेरूनच पाहिलेलं. आज आतून बोलावणं आलं म्हणून मी गादीखाली दाबून ठेवलेला शर्ट घालून गेलो होतो. केसांना एवढं तेल चोपडलं होतं, की भिंतीला डोकं टेकवलं असतं तर भिंत खराब झाली असती. म्हणून मी टेकवलं नाही. बघा, किती शहाणा होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तोवर मेडिकलला बारावीच्या मार्कांवर नंबर लागायचा. त्या साली पहिल्यांदा वेगळी प्रवेश परीक्षा आली. पेन्सिलीनं गोल काळे करायचे आणि प्रश्नपत्रिका हॉलमध्येच परत द्यायची. बाहेर आलो तेव्हा हातात फक्त घाम. निकालाला वेळ होता. मग धुळ्यापासून जळगावपर्यंत, ज्या ज्या घरात पोर मेडिकलला बसलंय, तिथे एकच धंदा सुरू झाला. किती पडतील? नंबर कितवा लागेल?

अंदाज काढायला पेपर पाहिजे. पेपर कुणाकडेच नाही. माझ्याकडे होता. डोक्यात. मला वाचलेलं पान डोळ्यांसमोर दिसतं. मीठ आणायला पाठवलं तर साखर घेऊन येतो, पण पान विसरत नाही. हे आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, दवाखान्यात कौतुकानं कुणाला तरी सांगितलं. संध्याकाळी धापा टाकत घरी आले.

"साहेबनी तुले बलायेल शे. चांगला शर्ट घाल."

तर असा मी पोचलो. मी प्रश्न म्हणायचा, चारही पर्याय म्हणायचे. सोफ्यावरचे तिघं आपापलं उत्तर सांगायचे. डॉक्टर पॅडवर लिहायचे. जीवशास्त्राला अडचण नव्हती, डॉक्टरांना सगळं येत होतं. भौतिकशास्त्र सोडून मात्र त्यांना जमाना झाला होता. मग त्यांनी एक तोडगा काढला. म्हणाले, "बहुमत घेऊ. जास्त जण म्हणतील ते बरोबर."

लोकशाही म्हणतात ती हीच असावी, असं मला वाटलं.

आणि तो प्रश्न आला. दगड सरळ वर फेकला. सगळ्यात उंच जागी पोचल्यावर त्याचं त्वरण किती?

"शून्य," मिहिर म्हणाला. "वर जाऊन थांबतो ना!"

"शून्य," एक मित्र. "शून्य," दुसरा.

मी म्हणालो, "वेग शून्य होतो. त्वरण नाही. ते g असतं, खालच्या दिशेनं. नाहीतर दगड तिथंच लटकून राहील."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. "तुला मत विचारलं का रे? तू प्रश्न सांगायला आलायस. थांबला म्हणजे शून्य. साधी गोष्ट आहे."

पॅडवर 'शून्य' लिहिलं गेलं. त्या दिवशी धुळ्यात गुरुत्वाकर्षण निवडणुकीला उभं राहिलं आणि अनामत रक्कम गमावून पडलं.

आता माझा पराक्रम ऐका. मीही मनातल्या मनात माझे मार्क मोजत होतो. दगडाचा प्रश्न आला, मी माझ्यातून तो वजा केला. डॉक्टर म्हणतायत. मोठे लोक आहेत, इंग्लिश मीडियमची पोरं आहेत, सोफ्यावर बसलीत. आपलंच चुकलं असणार. पुढं रसायनशास्त्रात तेच. माझं वेगळं, त्यांचं वेगळं. वजा. पुन्हा वेगळं. वजा. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी माझा हात धरला नव्हता. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून मी माझीच उत्तरं एकेक करून चुकीची ठरवत गेलो. आणि अगदी टापटीप ठरवली. कामात मी पहिल्यापासून चोख.

शेवटी बेरीज झाली. मिहिरला भरपूर पडत होते. पडणारच. ज्याच्या उत्तरावर पेपर तपासायचा, त्याला कमी कसे पडतील?

मग नंबर. त्याचीही एक पद्धत होती. डॉक्टरांनी फोन जवळ ओढला आणि ओळखीतल्या डॉक्टरांना लावत सुटले. जळगाव, सावदा, दोंडाईचा. "तुमच्याकडे किती येतात हो? असं का? मग आमचा मिहिर वर आहे." कागदावर वरखाली नावं मांडून त्यांनी सगळ्या खानदेशाचा क्रम लावला. ज्यांच्या घरी फोन नाही, ते त्या मेरिट लिस्टमध्ये नव्हतेच.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांना आठवण झाली. "तुझे किती रे?"

मी वजाबाकी करून उरलेला आकडा सांगितला.

"हं. एवढ्यावर तुमच्या यादीतसुद्धा नाही होणार." आम्ही बौद्ध. 'तुमच्या' म्हणजे काय ते सोफ्यावरच्या सगळ्यांना कळलं. "आणि झालं तरी तुमच्यानं पाच वर्षं निभत नाहीत. मी पाहिलंय. असं कर, पहिल्या तारखेपासून दवाखान्यात ये. एक्स-रेच्या डार्करूममध्ये पोरगा हवाय मला. सुकदेव!"

आबा मागच्या दारात उभे होते. पोराला काय म्हणतायत ते ऐकायला थांबलेले.

"याचे मूळ कागद माझ्याकडे आणून ठेव. दाखला, मार्कशीट, जातीचं सर्टिफिकेट, सगळं. दोन वर्षं माझ्या कपाटात राहतील. शिकवायचं आम्ही आणि पळून जायचं तुम्ही, असं नको."

मूळ कागदांशिवाय मेडिकलच काय, कुठल्याच कॉलेजच्या दारात उभं करत नाहीत. हे डॉक्टरांना माहीत होतं. मलाही होतं. आबांना नव्हतं. त्यांनी हात जोडले. "उपकार झाले साहेब."

मी काय केलं? मीही हात जोडले. तेल लावलेलं डोकं खाली घातलं आणि म्हणालो, "थँक यू सर." इंग्रजीत. बंगल्यात आहोत म्हणून.

कागद महिन्याच्या शेवटी द्यायचे ठरले. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. जळगावहून डॉक्टरांचे एक डॉक्टर मित्र आले होते. त्यांची मुलगीही परीक्षेला बसलेली. तिलाही पेपर जुळवून पाहायचा होता. सोफ्यावर आता चौघं. मी माझ्या जागी, रॅकजवळ.

"वाजव रे टेप," मिहिर म्हणाला.

मी सुरुवात केली. दगड आला. वर गेला. त्वरण किती?

मुलगी म्हणाली, "g. खाली."

"शून्य ना?" मिहिर.

"वेड्या, शून्य असतं तर दगड वरच राहिला असता." तिनं हसत सांगितलं.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "अरे हो! अगदी बरोबर! g कुठं जाणार? मिहिर, बेसिक कच्चं आहे तुझं." आणि पॅडवरचं 'शून्य' कापून त्यांनी g लिहिलं. जळगावचे काका म्हणाले, "आमच्या पोरीचं फिजिक्स पहिल्यापासून चांगलं आहे." सरबत आलं. सोफ्यावरच्या चौघांना आणि दोघा डॉक्टरांना. पुढचा प्रश्न.

मी पुढचा प्रश्न म्हणालो नाही.

तेच उत्तर. शब्दसुद्धा जवळपास तेच. दगड लटकण्यापर्यंत तेच. खाली बसून म्हटलं तेव्हा आगाऊपणा होता. वर बसून म्हटलं तेव्हा फिजिक्स झालं.

"मी हेच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"त्या दिवशी. g म्हणून मी सांगितलं होतं."

डॉक्टर हसले. रागानं नाही, लहान पोराला हसतात तसे. "सांगितलं असशील. मग आकडा सांगताना का नाही धरलास? तूच सोडलास ना?"

हे खरं होतं. त्या माणसानं मला त्या दोन दिवसांत सांगितलेली एवढी एकच गोष्ट खरी होती. मीच सोडला होता. परीक्षेच्या हॉलमध्ये सोफा नव्हता. तिथं मी g चा गोल घट्ट काळा करून आलो होतो. तो गोल आता पुण्याला की मुंबईला कुठल्या तरी गठ्ठ्यात बंद होता, आणि डॉक्टरांच्या पॅडवर काय लिहिलंय याची त्याला खबरसुद्धा नव्हती. माझी उत्तरपत्रिका तशीच होती. नापास झालो होतो तो मी, या फरशीवर, माझ्याच तोंडानं.

"आता धरतो," मी म्हणालो. "सगळे धरतो."

"बरं, धर. पुढचा सांग."

"नाही सांगणार."

डॉक्टरांनी पॅडवरून मान वर केली.

"काय म्हणालास?"

"पेपर माझा पाठ आहे. तुमचा नाही. नाही सांगणार."

जळगावच्या काकांनी समजुतीच्या सुरात तोंड घातलं. "अरे, तुला कसली काळजी? तुम्हाला तर कमीवर मिळतं."

मी आधी मागच्या, आबांच्या दाराकडे पाहिलं. ते नव्हते. बरं झालं. मग म्हणालो, "काका, तुम्ही म्हणता कमीवर मिळतं. डॉक्टरसाहेब म्हणतात तेवढ्यावरही होणार नाही. तुमचं एकदा बहुमत घ्या आणि मला कळवा."

इथं मी उठून, ताठ मानेनं बाहेर पडलो असं लिहायला हवं. पण बसून बसून माझा पाय झोपला होता. उठलो तसा रॅकवर आदळलो, दोन बूट खाली पडले, आणि मी लंगडत लंगडत बाहेर आलो. मिहिर मागून ओरडला, "टेप बिघडली रे!" मी वळलो नाही. बूटही उचलले नाहीत. आधी वाकलो होतो. सवयीनं हात गेला होता. तिथून परत घेतला.

माझ्या आधी बातमी घरी पोचली. आबा दारातच उभे होते.

"बठ्ठा लोकेस्ना समोर? काय गरज व्हती बोलानी?"

सगळ्यांच्या समोर मी काय बोललो ते सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. "मन्हा पोटवर पाय दिधा तुनी. साहेब म्हनतस, पोऱ्याले घीसन ये. माफी मांगी तं ठीक, नही तं तूबी येऊ नको."

म्हणजे मी माफी मागितली नाही, तर आबांची नोकरी जाणार. डॉक्टरांनी माझी मान नाही धरली, बापाची धरली. हुशार माणूस.

आई चुलीपुढून म्हणाली, "माफी कसानी? चोरी करीसन उना का तो?"

"तू गप ऱ्हाय!"

मी गप्प राहिलो नाही. फळीवरून कागदांची प्लास्टिकची पिशवी काढली, सगळं आबांसमोर मांडलं आणि पहिल्यांदा त्यांना समजावून सांगितलं. हे कागद दिले तर नंबर लागला तरी मी जाऊ शकणार नाही. डॉक्टरांना ते ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच मागितलेत.

आबा जातीचं सर्टिफिकेट हातात घेऊन ओळींवर बोट फिरवत बसले. त्यांना वाचता येत होतं, हळूहळू. मग म्हणाले, "त्यास्ना दवाखानामा मी माणसंस्नं रगत पुसं. कधी नाक मुरडं नही." कागद माझ्याकडे सरकवले आणि तोंड फिरवून झोपले.

सकाळी ते सायकल काढून उभे होते. रात्रीत मन बदललं असेल अशी मला आशा होती. बदललं नव्हतं. भीती तशी एका रात्रीत जात नाही, आणि आबांची तर माझ्या वयापेक्षा जुनी.

"चाल. दोन शब्दनं काम शे. कागद नको आनू. नुसती माफी मांग."

"तुम्ही जा आबा."

"मन्हा सांगावर बी नही?"

"तुमच्या सांगण्यावरही नाही."

ते एकटेच गेले. दुपारी परत आले. नोकरी गेली होती. त्या घरात पुढं बरेच दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही, आणि ताटात भाकरी पडायची ती आईच्या मजुरीची.

माझा नंबर लागला का, हे मी इथं लिहिणार नाही. लागला म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी सगळं चांगलं झालं. नाही म्हटलं तर म्हणाल, डॉक्टरांचा अंदाज काही फार चुकला नव्हता. मला तुम्हाला दोन्हीतलं एकही म्हणू द्यायचं नाही. त्या खोलीत जे झालं ते माझ्या निकालानं बरोबर होत नाही आणि चूकही ठरत नाही.

आबा गेले. डॉक्टर म्हातारे झालेत. गेल्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला, एकदा येऊन जा, झालं गेलं विसरून जाऊ.

विसरायचं त्यांनी ठरवायचं नाही. मी त्या दिवशी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. आणि त्यांनी मागितली, तर देणार नाही.