मगदूम सरांची फुटबॉल टीम

मगदूम सर मैदानावर हजेरी घ्यायला यायचे तेव्हा त्यांच्या डोक्यात हेल्मेट असायचं. स्कूटर फाटकाशी लावून आत आले तरी ते काढायचे नाहीत. बगलेत हजेरीपट घेऊन गोलच्या मागे जाळीला चिकटून उभे राहायचे आणि हेल्मेटची काच वर करून नावं पुकारायचे. मी गोलकीपर. म्हणजे मैदानावर त्यांना सगळ्यात जवळचा मीच.

"सर, आत्ता नको, कॉर्नर हाय."

"आधी हजर म्हण, मग कॉर्नर बघ."

मी मान वळवून "हजर" म्हणालो आणि बॉल खांद्यावरून आत गेला. कोचनं मला आईवरून शिवी दिली. सरांनी बॉल उचलून माझ्या हातात दिला, काच खाली केली आणि नावापुढे खूण केली. असा वैताग मी पुन्हा कुणाकडून सोसलेला नाही.

मुळात हे सर मैदानावर का यायचे, ते सांगतो. मी आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तालुक्याच्या शाळांच्या सामन्यात सांगलीच्या एका कॉलेजच्या कोचनं मला पाहिलं आणि दहावीचा निकाल लागायच्या आत तो आमच्या दारात आला.

"तात्या, पोराचं ऱ्हाणं, खाणं, फी, समदं कॉलेज बघतंय. वर दर म्हयन्याला हातात पैसं."

"आन शिकवणार कवा?" तात्यांनी विचारलं.

"आवं, शिकायला दुसरी पोरं हायत की!"

अकरावीचा फॉर्मही कोचनंच भरला. विषयाच्या रकान्यात त्यानं 'अर्धमागधी' लिहिलं. हे काय असतंय म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "पास व्हायचा विषय."

अर्धमागधी ही महावीरांच्या काळची भाषा. सांगलीत जैन मंडळी पुष्कळ, त्यामुळं पूर्वी या विषयाला पोरं असायची. आता कुणी फिरकत नव्हतं. प्राचार्यांचा नियम होता की अकरावी-बारावी मिळून दहा पोरं नसली तर वर्ग बंद. म्हणून कोच दर जूनला सगळी टीम मगदूम सरांच्या विषयाला टाकायचा. सरांचा वर्ग टिकायचा आणि त्या बदल्यात सर न आलेल्या पोरांची हजेरी लावायचे. बरीच वर्षं हे गुण्यागोविंदानं चाललेलं. नेमकं मी आलो त्या वर्षी सरांनी खोटी हजेरी लावायची बंद केली.

"तुम्ही वर्गात येत नाही ना? हरकत नाही. मी येतो. डोळ्यांनी बघितलं की हजेरी खरी."

नुसती हजेरी घेऊन गेले असते तरी चाललं असतं. पण आम्ही पाय ताणायला खाली बसलो की ते शिकवायला लागायचे. "हत्थ म्हणजे हात. कण्ण म्हणजे कान. तुम्ही घरात बोलता ना, ते हिच्याच पोटातून आलंय. तुला निम्मी येतेय गड्या, नुसती आठवायचीय." मला कुठलाच विषय निम्मा येत नव्हता. त्यामुळं हे ऐकून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून अजून राग यायचा.

पुढच्या जूनला साताऱ्याकडच्या एका कॉलेजनं आमची टीमच उचलली. तिथं पैसे जास्त, मेसमध्ये अंडी, आणि स्ट्रायकरला चक्क मोटरसायकल. पोरं गेली आणि पोरांबरोबर कोचही गेला. मला तेवढं नेलं नाही, कारण त्यांच्याकडं माझ्यापेक्षा वीतभर उंच गोलकीपर होता. टीम नाही म्हटल्यावर माझे पैसे थांबले आणि हॉस्टेलनं खोली सोडायला सांगितली. मी पिशवी भरून गावाकडं निघालेला, तेवढ्यात सरांनी स्कूटर आडवी घातली.

"कुठं निघालास? बारावी कोण करणार?"

त्यांनी मला आपल्या गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. त्या घराचे उपकार मोठे आहेत, पण उपाशीही मी तिथंच राहिलो. सरांचं घर जैन, दिवस बुडाला की तिथं कुणी जेवत नाही. टीम नसली तरी मी सरावाला जायचो आणि घाम पुसत मैदानावरून यायचो तोवर काकूंची भांडी घासून पालथी. काकू बिचाऱ्या हळहळायच्या, सर मात्र म्हणायचे, "खेळ लवकर संपव. सूर्य तुझ्यासाठी थांबेल का?" कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही. मी स्वप्नात बटाटेवडे बघायचो.

आता वर्गात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं, म्हणून सर स्वतः पोरं गोळा करायला निघाले. टीम उभी राहिली की वर्गही टिकेल असा त्यांचा हिशेब. मला बरोबर घेतलं, कारण खेळणारी पोरं मला ओळखता येतात असा त्यांचा समज. कोचची पद्धत मी दारात बसून पाहिली होती, त्यामुळं सरांची बघवत नव्हती. शिराळ्याकडच्या एका गावात चांगला पळणारा मुलगा होता. त्याच्या आईनं चहा ठेवला आणि विचारलं, "म्हयन्याला किती द्याल?"

"काही नाही," सर म्हणाले.

मी बाजेखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"मग ह्ये शिकून नोकरी लागंल का?"

"फारशी नाही. मला लागली होती, ती आता जाईल असं दिसतंय."

"मग पोरानं यायचं तरी कशाला, गुरुजी?"

"मी शिकवीन. रोज. एकही तास बुडवणार नाही."

बाहेर आल्यावर मी ओरडलोच. "सर, असं सांगत्यात व्हय? कोण यील?"

"जे सांगितलं त्यात खोटं काय होतं?"

खोटं काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती. तो मुलगा आला नाही. पण उन्हापावसात महिनाभर हिंडून सरांनी नऊ पोरं जमवली. त्यातल्या चौघांनी फुटबॉल कधी पायानं शिवलाही नव्हता. "कुणीतरी खरं बोललं म्हणून धाडलं," असं एकाच्या बापानं मला सांगितलं. नऊ ती आणि दहावा मी. वर्ग वाचला. प्राचार्यांची सही झाली त्या दिवशी सरांनी मला मिरजेपर्यंत नेऊन डोसा खायला घातला, अर्थात दिवस बुडायच्या आत. त्यातला बटाटा त्यांनी माझ्या ताटात चालू दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

पंधरा दिवसांत कोचचा फोन आला. "आमचा गोलकीपर पुण्याला पळाला रं. तू ये. आधीच्या दुप्पट."

मी गेलो. का गेलो, याची कारणं मी बरेच दिवस जुळवत होतो. पैसे थांबल्यापासून तात्या फोनवर दोन शब्दांच्या वर बोलायचे नाहीत, हे एक. दुसऱ्याच्या घरात फुकट खातोय याची सतत बोच, हे दुसरं. पण सरांच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही. काकूंना म्हणालो, दोन दिवस गावाकडं जातो. माझा दाखला कोचनं परस्पर काढून नेला. वर्गात नऊ उरले आणि वर्ग बंद झाला. नऊ पोरांना दुसऱ्या विषयात घातलं आणि सरांना ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालायला बसवलं. हे मला जुन्या हॉस्टेलातल्या एकानं कळवलं. त्यानंतर मी सरांचा नंबर दिसला की फोन उलटा ठेवायचो.

दुसऱ्या महिन्यात सरावात माझं मनगट मोडलं. कोच म्हणाला, "घरी जा, हात जुळला की बघू." पैसे त्याच दिवसापासून बंद. घरच्या वाटेवर मिरजेच्या दवाखान्यात प्लास्टर घालून बाकावर बसलो होतो, तर समोर मगदूम सर. त्यांना कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही. मी उठून उभा राहिलो. आता शिव्या बसणार, आणि बसाव्यातच, असं मला वाटत होतं.

"तिकडं विषय कुठला दिला होता?" सरांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई, सर."

"म्हणजे?"

"फॉर्म कोचनं भरला. मी इचारलं न्हाई."

मगदूम सर चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. "माझा वर्ग गेला, जाऊ दे. पुस्तकांना नंबर घालतोय, घालीन. पण दोन महिने तू एका कॉलेजात आहेस आणि तिथं काय शिकतोस हे तुला माहीत नाही? तुझ्या नावावर काय चाललंय हे तू विचारलंसुद्धा नाहीस?"

दुसऱ्या दिवशी ते मला एसटीत घालून त्या कॉलेजात घेऊन गेले. क्लार्कच्या खिडकीपुढं उभे राहून त्यांनी माझा विषय शोधायला लावला. मी भूगोलाचा विद्यार्थी निघालो. इतकंच नाही, आदल्या दिवशी, मी मिरजेला बाकावर बसलेला असताना, इथं भूगोलाच्या प्रात्यक्षिकालाही मी होतो.

"उजवा हात प्लास्टरमध्ये," सर क्लार्कला म्हणाले, "आणि हा नकाशे काढतोय. गुणी पोरगा आहे."

क्लार्क ओशाळला असावा, कारण दाखला तासाभरात मिळाला. सरांनी तो माझ्या डाव्या हातात दिला. परत चल म्हणाले. मी कुठल्या तोंडानं जाणार? सेलमला मामाचं गलाईचं दुकान आहे, सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करायचं. तिकडं जातो म्हणालो.

"तिथं तमिळ असेल," सर म्हणाले. "आधी दुकानांच्या पाट्या वाचायला शिक. नाहीतर पुन्हा कुणीतरी तुझा फॉर्म भरेल."

आता मला इथं येऊन पाच वर्षं झाली. पाट्या वाचता वाचता बँकेचे, दवाखान्याचे कागदही लागायला लागले. आमच्या भागातली गलाईची पोरं आपापले कागद घेऊन माझ्याकडं येतात. गेल्या महिन्यात विट्याकडचा एक नवा मुलगा आला. खोलीमालकाच्या कागदावर सही करून मोकळा झाला होता. कशावर केलीस विचारलं, तर "काय की, दादा." मी इतक्या जोरात ओरडलो की मामा भट्टी सोडून बाहेर आला. मग मीच दोन तास बसून त्याला तो कागद ओळीओळीनं समजावला.

सर दर रविवारी फोन करतात. मोठ्या खुशीत मी त्यांना हे सांगितलं.

"लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं.

"वाचता येतं, सर. सगळं."

"मी लिहिता येतं का विचारलं."

"न्हाई, सर."

"मग पाच वर्षं काय केलंस?" फोन बंद.

मी पहिलीच्या पोरांची दुरेघी वही आणली आहे. दुपारी भट्टी निवेपर्यंत अक्षरं गिरवतो. शेजारचा दुकानदार हसतो, त्याला हसू दे. बारावी बाहेरून करायचा फॉर्म मात्र मी अजून भरलेला नाही. सरांना ते माहीत आहे. उद्या रविवार आहे, म्हणून आज सकाळी तो वहीखालून काढून वर ठेवलाय.