उन्हातलं बी धरणाऱ्या सुमतीबाई

वैशाखात दुपारी महाडजवळचं सगळं नाते गाव दारं लोटून पडलेलं असे, तेव्हा सुमतीबाई डोक्याला पंचा गुंडाळून परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात ओणव्या उभ्या असायच्या. महाडच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. मी म्हणे, "बाई, मरायचंय का?" त्या म्हणत, "मरायचं ते झाडांनी. ज्यांना जगायचंय ती जगतील."

आमच्याकडे टोमॅटो थंडीतला. शिमगा उलटला की फुलं गळतात, लोक झाडं उपटतात आणि गुरं मोकळी सोडतात. बाईंना हे मंजूर नव्हतं. "उन्हानं झाडातली प्रथिनं विस्कटतात," त्या सांगत. "एखाद्या झाडाची जनुकं मात्र त्यांना सावरणारी प्रथिनं पटापट बनवतात. त्याची फुलं टिकतात. त्याचंच बी धरायचं, पुन्हा उन्हात लावायचं." ही कामं मोठ्या प्रयोगशाळांची, असं प्राचार्यांनी ऐकवलं, तर म्हणाल्या, "त्यांच्याकडे एसी आहे. माझ्याकडे ऊन आहे."

एका वर्षी बाई पेपर तपासायला पुण्याला गेल्या. शेजारच्या पार्वतीकाकूंना राहवेना. त्यांनी माळ्यावरचा पेंढा काढून वाफ्यावर मांडव घातला, वर दुपारचं पाणी. बाई परतल्या तर सगळ्याच झाडांना फळं. काकू कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या, "पोरांवानी हायत ती, बाई. उनात मरतील नाय?"

बाईंनी मांडव खसकन ओढून काढला. खरं तगणारं झाड कोणतं, हे ओळखायची सोयच उरली नव्हती. अख्खं वर्ष फुकट गेलं. "काकू, माया पुरे. लाडावलेल्या झाडाचं बी मला नको." काकू पदराला डोळे पुसत घरी गेल्या. मला त्या दिवशी बाईंचा रागच आला होता.

पुढे बाईंचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी ऊन बंद केलं, बाईंनी डॉक्टर बंद केले. मनासारखं वाण हयातीत हाती लागायचं नाही, हे त्यांना कळत होतं; तरी वाफा दरसाल उन्हातच. एका चैत्रात त्या गेल्या.

वैशाखात मी नात्याला गेलो. बाईंच्या वाफ्यातली बहुतेक झाडं करपली होती. दोन-तीन झाडांवर मात्र लिंबाएवढे टोमॅटो लाल झाले होते. बाईंच्या जाऊबाई आमटीसाठी तोडायला वाकल्या, तशा पार्वतीकाकू आडव्या आल्या.

"हात नका लावू. खायाचे नाय ते, बियाचे हायत."

"आता कोण लावणार ते बी?" जाऊबाईंनी विचारलं.

"मी लावीन," काकू म्हणाल्या. "उनातच लावीन."