दोन हात

संस्थान विलीन झालं आणि आमच्या मुलींच्या शाळेला भरतीचा जुना हॉल मिळाला. लढाईच्या काळात पलटणीत घ्यायच्या पोरांना तिथं भिंतीशी उभं करून मापत. मागच्या भिंतीवर डांबराची आडवी रेघ होती. डोकं तिच्या खाली राहिलं की घरी परत. दोनदा चुना फासला, पण आठ दिवसांत रेघ चुन्यातून वर यायची. डांबर चुन्याला दाद देत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी एकटी असले की मी तिकडं बघायची नाही. मुली तर शेवटच्या बाकावर बसायलाच तयार नसत.

मी नागरिकशास्त्र शिकवायची. राज्यघटना नवीकोरी, नोकरीत मीही नवीकोरी. उत्साह नुसता उतू जात होता. राष्ट्रपती फौजेचे सर्वोच्च प्रमुख खरे, पण तो अधिकार कायद्यानं बांधलेला. आणीबाणी पुकारली तरी दोन महिन्यांत संसदेची मान्यता हवी, नाहीतर ती संपली, असं सगळं मी फळ्यावर लिहून दिलं. 'हम करे सो कायदा' बंद. लढाईत ढकलणाऱ्याला आता जाब विचारता येतो, असंही ठासून सांगितलं.

तास संपला तेव्हा शाळेचे शिपाई दारात उभे होते. वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांचा धाकटा भाऊ याच हॉलमधून पलटणीत गेला आणि परमुलखात बेपत्ता झाला. मेल्याचा कागद नाही, जिवंत असल्याचाही नाही. हा जाब नेमका कुणाला विचारायचा, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, संस्थानच उरलं नाही, दप्तरं मुंबईला गेली. त्यांनी मान हलवली आणि घंटा द्यायला गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच हॉलमध्ये मुलींची लोकसभा भरवली. राष्ट्रपतींना सीमेवर फौज धाडायची आहे, सभागृहानं संमती द्यावी, असा ठराव होता. खऱ्या घटनेत इतकं काही लिहिलेलं नाही, पण माझ्या लोकसभेत नियमच होता: सभागृहाला विचारल्याशिवाय एक शिपाई हलणार नाही. शिपाई म्हटल्यावर मुली दाराकडे बघून हसल्या. दारात कुणी नव्हतं.

उन्हाची तिरीप नको म्हणून खिडक्या लावल्या होत्या, त्यामुळं मागची बाजू अंधारी होती. वाद रंगला, मग मतदान झालं. सभापती झालेली मुलगी व्यासपीठावरून हात मोजू लागली. बाजूनं पंधरा. विरोधात सोळा.

सभापती सोडून मुली होत्या एकोणतीस.

तिनं पुन्हा मोजले. पुन्हा सोळा. तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाज कापायला लागला. पुढच्या बाकावरची एकजण मागं बघून हळूच म्हणाली, "बाई, मागं रेघेजवळ हात हायत." दुसऱ्या एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. रेघेच्या वर दोन पंजे दिसत होते, स्थिर, आणि खाली काळोख.

मी खिडकी उघडली. रेघेला पाठ लावून शिपाई उभे होते, दोन्ही हात वर.

"एक माझा हाय बाई," ते म्हणाले. "दुसरा धाकट्याचा. त्यो गेला तवा त्येला कुणी इचारलं न्हाय."

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी नियमावर बोट ठेवलं. सभासद नसलेल्याला मत नाही. गैरहजर माणसाला तर नाहीच. सभापतीनं दोन हात वजा केले. पंधरा विरुद्ध चौदा, ठराव एका मतानं मंजूर. मुलींनी टाळ्या वाजवल्या. भीती ओसरल्यामुळं जरा जास्तच वाजवल्या.

शिपायांनी उजवा हात खाली घेतला. डावा वरच राहिला. टाळ्या थांबल्या तरी तो वरच होता, आणि बोटं रेघेच्या आणखी वर पोचावीत तशी ताणलेली.

शेवटी मीच म्हटलं, "तोही घ्या खाली."

त्यांनी मुकाट्यानं घेतला. जाब कुणाला विचारायचा, हे त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही.