शेठच्या मोटारीतली थंडी

पास्कूकाका, गणूभाऊ आणि मी असे तिघे अलिबागच्या आमच्या गॅरेजात बसलो की एक किस्सा निघायचा, त्याला दुसरा चिकटायचा आणि चहा तिसऱ्यांदा मागवावा लागायचा. साठ सालानंतरचे दिवस. पास्कूकाका मूळचे कोर्लईचे, गॅरेजचे मालक आणि माझे गुरू. गणूभाऊ मुंबईच्या एका शेठचे ड्रायव्हर. शेठचा चौलला बंगला होता आणि त्यांच्याकडे चक्क एअरकंडिशन असलेली लांबलचक अमेरिकन मोटार होती. आख्ख्या तालुक्यात तसली दुसरी नव्हती, आणि ती दुरुस्त करणारे आम्ही! आमचे निम्मे किस्से त्या मोटारीनेच दिले.

* * *

मोटार आली त्या पहिल्याच आठवड्यात गणूभाऊ धापा टाकत आले. "काका, गाडी गळतेय."

गाडीखाली खरंच पाणी साचलं होतं. काकांनी रेडिएटर बघितला, पाइप चाचपले. सगळं कोरडं. थंडीचं बटण बंद केलं, तर ठिबकणं हळूहळू थांबलं. चालू केलं, थोड्या वेळात पुन्हा सुरू. काकांनी बोटावर एक थेंब घेऊन चाखला.

"हवेतलं पाणी आहे. आतल्या गार नळीवर जमतं आणि खाली पडतं. छान गोडं आहे."

समोरच्या जनाकाकूंनी एवढंच ऐकलं. उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. काका बटण बंद करायला आत वाकले, तोच गाडीखालून आवाज आला, "थांबा हो, तांब्या भरत आलाय."

* * *

बटण चालू केलं की इंजिनचा आवाज एकदम खाली जायचा. गाडी उभी असली तर इंजिन बंदच पडायचं. काका म्हणाले, "त्या थंडीलासुद्धा इंजिनच ओढतं. नांगर ओढणाऱ्या बैलाला वर गाडीलापण जुंपलं तर तो काय करेल?" त्यांनी स्क्रू पिळून इंजिनचा वेग थोडा वाढवून दिला.

आता थंडी चालू असताना गाडी झकास उभी राहायची. पण बटण बंद केलं की भार उतरायचा, इंजिन उसळायचं, आणि ब्रेकवरचा पाय जरा ढिला पडला तर क्लच नसलेली ती गाडी आपणहून पुढे! भर बाजारात गणूभाऊंनी बटण बंद केलं आणि गाडीने हवालदाराची सायकल आडवी केली.

"गाडी कोण चालवत होतं?" हवालदाराने विचारलं.

"साहेब, आत्ताच बंद केली."

"गाडी?"

"न्हाय, थंडी."

* * *

पावसाळ्यात एकदा समोरची काच धुरकट झाली. गणूभाऊंनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आतून पुसायला घेतली. रुमाल झाला, टोपी झाली, काच तशीच. मागे शेठ चुळबुळ करताहेत. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण बराच वेळ हे बघत उभी होती. शेवटी तिने पुढे होऊन बाहेरून काचेवर हात फिरवला. लख्ख!

"थंडी तुमच्या आत हाय," ती म्हणाली, "पानी माझ्या बाजूला."

* * *

आता नामा पाटलाचं. तो वाचला आणि पुढे कित्येक वर्षं मिठागरावर काम करत होता, हे आधीच सांगून टाकतो.

चढावर थंडी चालू ठेवली की इंजिन तापतं, अशी तक्रार होती. म्हणून ते बघायला मेमधल्या एका दुपारी काका आणि मी मोटार घेऊन कार्लेखिंडीपलीकडे पोयनाडला गेलो. परत निघतो तर चार माणसं झोळी घेऊन रस्त्यात आडवी आली. झोळीत नामा. मीठ ओढता ओढता उन्हाने कोसळलेला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, तोंडाने असंबद्ध बडबड. बरोबर त्याची बायको भागी.

त्याला मागच्या सीटवर घेतलं. काकांनी थंडी पूर्ण सोडली आणि भागीला ओला पंचा त्याच्या अंगावर फिरवायला सांगितलं. मी गाडी हाणली. जरा वेळाने त्याची बडबड थांबली, श्वास संथ झाला. तेवढ्यात खिंडीचा चढ लागला आणि इंजिनचा काटा लालकडे सरकू लागला.

काकांनी बटण बंद केलं.

"दादा, बंद नको रं करू," भागी रडायला लागली. "त्याला जरा बरा वाटत व्हता."

"बाय, चालू ठेवली तर गाडी इथंच उभी राहील. काचा खाली कर. पंचा थांबवू नको."

भट्टीसारखी हवा आत घुसली. नामा पुन्हा बरळू लागला. काटा लालच्या काठावर थरथरत होता, आणि पुढची दोन वळणं मागून नुसता ओल्या पंचाचा आवाज येत होता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

माथा आला. उतार सुरू झाला. काका काट्याकडे टक लावून बसले होते. तो खाली यायला लागला तसं ते ओरडले, "काचा वर!" आणि बटण दाबलं.

इस्पितळ दिसायला लागलं तेव्हा मागे हालचाल झाली. नामाने डोळे उघडले होते. छताकडे बघितलं, काचांकडे बघितलं, मग अंग आखडून घेतलं.

"भागे," तो म्हणाला, "गोधडी दे गं."