आमची दोस्ती नव्हती

तालुक्याचं नाव लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातला आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर माणसं लगेच ओळखू येतील, आणि त्यातली दोन आता उत्तर द्यायला नाहीत.

आमच्या तालुक्याचे आमदार पुण्याच्या दवाखान्यात हृदयविकाराने गेले, तेव्हा मी सांगलीला होते. तिथल्या एका हायस्कूलवर मी मराठी शिकवते. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. शोकसभेत बोलायला बोलावलंय, तू येतीस का, असं विचारलं. आण्णा मला कुठल्या सभेला कधी बोलवत नसत. मी एसटीने गेले.

आण्णा उभी हयात या आमदाराच्या विरोधात गेले होते. विधानसभेला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आले, तेवढंच. भांडण पाण्याचं होतं. उपसा योजनेची पाइपलाइन पूर्वेकडच्या कोरड्या गावांना जायची ठरली होती, त्या गावांत आमचंही एक. आमदाराने ती वरच्या बाजूने वळवली आणि आपल्या माणसांच्या उसाला नेली. आण्णांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, मुंबईला खेपा घातल्या. पाणी आलं नाही.

या भांडणात एकदा मीही सापडले. माझं पहिलं लग्न मोडलं होतं. नवरा मारायचा, म्हणून आण्णा स्वतः येऊन मला घरी घेऊन गेले होते. त्याच वर्षी निवडणूक होती. बाजाराच्या दिवशी आमदाराची सभा होती आणि कर्ण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आमदार म्हणाला, "ज्याला स्वतःची पोरगी नांदवता येत न्हाई, त्यो तालुका काय नांदवनार?" लोक हसले. ते हसणंही कर्ण्यातून नीट ऐकू आलं. आईने दार लावून घेतलं. दाराने काय अडणार होतं?

दुसऱ्या दिवशी आण्णांची सभा होती. आता आण्णा त्याच्या घरादारावर घसरणार म्हणून लोक दुप्पट जमले. आण्णा एवढंच म्हणाले, की माझी पोरगी माझ्या घरात मानानं हाय, आमदारांनी पाण्यावर बोलावं. लोकांची निराशा झाली. निवडणूक गेलीच.

म्हणून शोकसभेला जाताना माझ्या मनात काय होतं ते मी लपवत नाही. मला वाटत होतं, आज आण्णांनी काही बोलू नये, किंवा बोललेच तर सगळं बोलावं.

सभा बाजार समितीच्या आवारात होती. मांडव, फुलांनी मढवलेला मोठा फोटो, सगळ्या पक्षांचे पुढारी. एकेक जण उठून बोलत होता. अजातशत्रू होते म्हणाले. पोकळी भरून निघणार नाही म्हणाले. ज्याने दोन महिन्यांपूर्वी आमदारांचं तिकीट कापायला जिवाचं रान केलं होतं, त्याने रुमाल डोळ्यांना लावला आणि माझा मोठा भाऊ गेला म्हणाला. ज्याच्यावर आमदारांनी पोलीस केस घातली होती, त्याने त्यांना देवमाणूस केलं. मी वर्गात मुलांना विशेषणं शिकवते. त्या दिवशी मला त्या शब्दांची शिसारी आली.

मग आण्णांचं नाव पुकारलं. आण्णा माइकपुढे उभे राहिले, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "आमची दोस्ती नव्हती. आज उगं सांगनार न्हाई की व्हती."

मांडवात चुळबुळ झाली. आण्णा थांबले नाहीत. "पान्याची लाइन त्यांनी वळवली, ती चूक व्हती. त्ये मी त्यांच्या तोंडावर लय वेळा सांगितलंय. आज त्ये उत्तर द्यायला न्हाईत, म्हनून आज त्यावर वाद घालनार न्हाई. पर जे बोललोय त्ये मागं बी घेनार न्हाई. मानूस मेला म्हनून त्याची चूक बरोबर हुत न्हाई."

पुढच्या रांगेतून कुणीतरी, बास करा, असं म्हणालं. आण्णांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आता दुसरं. कृष्णेला पूर आला तवा मी वैरन घिऊन सांगलीकडं गेलो व्हतो. तितं एका वाडीच्या कडंला ह्यो मानूस छातीएवढ्या पान्यात हुबा व्हता, आन् दुसऱ्याची म्हस वढून काढत व्हता. संगं फोटोवाला न्हाई, कार्यकर्ता न्हाई, एक डायवर तेवढा. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. दोघं बी काय बोललो न्हाई. जित्ता असताना ही गोष्ट मी कुटं सांगितली न्हाई, कारन मतं गेली असती. ती माझी चूक. आज सांगतो. तो विरोधक खरा व्हता. त्याच्याशी भांडताना कवा कंटाळा आला न्हाई."

एवढं बोलून आण्णा खाली बसले. ज्याने मला भर बाजारात हसण्याचा विषय केला, त्याच्याबद्दल आण्णा चांगलं बोलले याचा मला राग आला होता. घरी जाताना मी तो बोलून दाखवला. माझ्याबद्दल तो जे बोलला त्याचं काय, असं विचारलं. आण्णा म्हणाले, "त्ये मी इसरलो न्हाई. पर फोटोपुढं हुबं ऱ्हाऊन त्ये काढलं असतं, तर लोकास्नी परत तुझंच आठवलं असतं."

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ फिरायला लागला. पण सगळा नाही. दोस्ती नव्हती आणि चूक होती, एवढाच तुकडा. पूर कापून टाकला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हातारा. आमच्याच भावकीतल्या पोरांनी तो स्टेटसला ठेवला. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या काही गटांत पूर्ण भाषण लिहून टाकलं. कुणी वाचलं नाही. मोठं होतं ना.

आण्णांच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी त्यांना साताऱ्याला बोलावून घेतलं. चार गोड शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का, असं त्यांना तरुण पोरांसमोर विचारलं. आण्णांनी सांगितलं, की जन्मभर ज्याला चुकीचा म्हटलं त्याला मेल्यावर देव म्हणायचं, म्हणजे एकतर तेव्हा मी खोटा होतो, नाहीतर आज आहे. अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं आणि चहा मागवला. पोटनिवडणुकीत पक्षाने उमेदवारच दिला नाही. दिवंगत नेत्याला श्रद्धांजली म्हणून त्यांच्या मुलाला पाठिंबा दिला. मुलगा आमदार झाला. लोक त्याला धाकटे साहेब म्हणायला लागले. आण्णांना त्यानंतर कुठल्या बैठकीचा निरोप आला नाही. ते सकाळी पेपर वाचायचे, रानात जाऊन बसायचे. पारावर ते आले की बोलणं बदलायचं, माणसं उठून जायची.

तीनेक वर्षांनी आण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि साताऱ्याच्या दवाखान्यात ते गेले.

रक्षाविसर्जनाला नदीकाठी माणूस मावत नव्हता. जे पारावरून उठून जायचे, ते सगळे आले होते. धाकटे साहेब गाड्यांचा ताफा घेऊन आले. माझ्या आईच्या पाया पडले आणि माइक हातात घेतला. म्हणाले, "माझे वडील आणि आण्णा म्हणजे राजकारणापलीकडची मैत्री. दर आठवड्याला त्यांचं फोनवर बोलणं व्हायचं. मी आण्णांच्या मांडीवर खेळलोय. पाण्याचं त्यांचं स्वप्न मी पूर्ण करणार."

आमच्या घरी त्यांच्या घरून आयुष्यात एक फोन आलेला नव्हता. मांडीवर खेळण्याचं तर सोडाच, त्या घराचा उंबरा आण्णांनी पाहिला नव्हता. तरी माणसं डोळे पुसत होती. माझी चुलतीही पुसत होती, जिला हे सगळं माहीत होतं.

मी उठले. माइक कुणी दिला नाही, म्हणून होतं तेवढ्या आवाजात बोलले. म्हटलं, "आण्णा आणि तुमचे वडील मित्र नव्हते. ते पाण्यासाठी भांडत होते. पाणी अजून आलेलं नाही. आण्णांच्या आयुष्याचं तेवढं तरी खरं राहू द्या."

चुलत्यांनी दंडाला धरून मला खाली बसवलं. कुणीतरी म्हणालं, पोरीला धक्का बसलाय. धाकट्या साहेबांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो," म्हणाले. आणि भाषण पुढे सुरू केलं. एवढ्या सभ्यपणे कुणी माझ्या तोंडावर कधी दार लावलं नव्हतं. त्यांच्या बापाने निदान उघड उघड शिवी दिली होती.

वर्षश्राद्धाला गावच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर आण्णा आणि जुने आमदार शेजारी शेजारी, कॉम्प्युटरवर जोडलेले, जणू एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. खाली 'विनम्र अभिवादन' आणि माझ्या धाकट्या भावाचा फोटो होता. तो तोवर धाकट्या साहेबांबरोबर फिरायला लागला होता. मी विचारलं तर म्हणाला, आण्णांनी भांडून काय मिळवलं, सांग. मी सांगायला गेले असते तर त्याला ते कळलं नसतं.

त्या दिवशी जेवणावळ उठल्यावर एक बाई मागच्या दाराने आत आल्या. डोक्यावरून पदर, हातात नारळ. जुन्या आमदारांच्या पत्नी. आई त्यांना फोटोवरूनच ओळखत होती. स्वयंपाकघरातच पाट टाकला. नारळ खाली ठेवून त्या आईला म्हणाल्या, "पुरातनं आल्यावर ह्यांना लय दिस ताप व्हता. कुनाला सांगू दिलं न्हाई. माझ्याशिवाय कुनाला म्हाईत न्हवतं. त्या सभंत सगळी बोलली, पर माझा नवरा कुनाच्या बोलन्यात दिसला न्हाई. तुमच्या मालकांच्या बोलन्यात दिसला."

आईने त्यांचा हात धरला. मी म्हटलं, हे तुम्ही तुमच्या मुलाला सांगितलंत का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला सांगून काय करू बाई? त्याला निवडून यायचंय. तुमी बी भायेर बोलू नका." चहा अर्धा ठेवून त्या आल्या तशा मागच्या दाराने गेल्या.

आई म्हणाली, बरी बाई आहे. असेल. पण तो व्हिडिओ तालुकाभर फिरत होता, तेव्हा तिने हे एक वाक्य बाहेर बोलायला हवं होतं. आण्णा तेव्हा जिवंत होते.

आता पुन्हा निवडणूक लागली. धाकट्या साहेबांच्या प्रचाराचं पहिलं भाषण माझ्या भावाने केलं. आण्णांचं नाव घेतलं, त्यांची अखेरची इच्छा सांगितली. आण्णांना तर शेवटी बोलताच येत नव्हतं. टाळ्या पडल्या. मी सांगलीत मोबाइलवर पाहत होते. रात्री त्याचा फोन आला, भाषण कसं झालं विचारायला.

मी म्हटलं, आवाज स्वच्छ येत होता.