नोमोलूनची हाळी

ओगदेई खानाच्या राज्यात फौजा इतक्या दूर पश्चिमेला गेल्या होत्या की तिकडच्या मुलुखांची नावं घरच्या माणसांना धड घेताही येत नसत. पण हाळी द्यायची म्हटलं की ओर्खोन नदीच्या काठावर एकच नाव निघायचं, नोमोलूनचं. घोड्यांच्या धारेच्या वेळी ती हाळी द्यायची, कातडी बादलीच्या बुडावर थापा मारायची, की नदीपलीकडच्या घोड्या चरायच्या थांबून निघायच्या. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "घरात हळू बोल गं, तंबू उडेल."

त्या वर्षी तरणे सगळे मोहिमेवर. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावरच्या मोठ्या शिकारीत दहा जणांच्या एका तुकडीची नायकी नोमोलूनकडे आली. ही शिकार म्हणजे लढाईचीच तालीम. कोसन् कोस माणसांचं कडं करायचं, ते आवळत आणायचं, आणि ज्याच्या समोरून जनावर निसटेल त्याच्या अख्ख्या तुकडीला फटके. हिच्या तुकडीत दोन सुना आणि बाकी दात पडलेले म्हातारे, तरी बाई अशी खुशीत होती की विचारू नका.

"पाठ सरळ करा, म्हातारबा. झोपायला नाही आलोत."

शेजारच्या घोड्यावरचा बोरोखाई म्हणाला, "पाठच ती, बाई. एकदा वाकली ती वाकली."

कडं आवळत गेलं. आत हरणं, लांडगे, रानगाढवं एकमेकांना तुडवत गरगर फिरायला लागली. धुळीनं आभाळ दिसेना. आणि रानगाढवांच्या कळपात नोमोलूनला भुरी दिसली.

भुरी तिच्या पोराची, आरिगची घोडी, नुकतीच दावं तोडून पळालेली. गाभण होती. फौजेबरोबर निघताना आरिग म्हणाला होता, "आई, हिला जप. परत येईन तेव्हा हिच्याच शिंगरावर बसेन." त्यानंतर पोराची काही खबर नव्हती.

"हाळी द्या की, बाई," बोरोखाई म्हणाला. "धावत येईल."

"येईल. मागून सगळा कळप येईल. मग फटके कोण खाणार, तुमची वाकलेली पाठ?"

हाळीची गरजच पडली नाही. भुरीनं तिला ओळखलं आणि सरळ तिच्याकडे दौड मारली, मागून अख्खा कळप. नोमोलूननं लांडग्यावर ओरडतात तशी आरोळी ठोकली, आपल्याच घोडीवर. भुरी थबकली, कान पाडून तिच्याकडे बघत राहिली आणि उलटी फिरली. कळप पुन्हा पुन्हा अंगावर आला आणि घसा फाटेपर्यंत नोमोलून ओरडत राहिली. कडं तुटलं नाही. टेकडीवरून सरदाराच्या माणसांचे बाण सुटायला लागले तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

शिकार पुरेशी झाली की म्हाताऱ्यांनी सरदारापुढे जाऊन उरलेल्या जनावरांसाठी अभय मागायचं, असा रिवाज. नोमोलून त्यांच्यात घुसली.

"हे म्हाताऱ्यांचं काम आहे, बाई," सरदार म्हणाला.

तिनं तोंड उघडलं, तर नुसती घरघर.

बोरोखाई पुढे झाला. "सरकार, हिच्या समोरून उंदीरही गेला नाही. त्यापायी आवाज गेलाय. ती म्हणते, आता पुरे करा."

"ती तर काहीच म्हणाली नाही."

"जन्मभर हिच्या शेजारी तंबू आहे माझा. मला न बोलताही ऐकू येतं."

सरदार हसला आणि त्यानं कडं उघडायला सांगितलं.

जनावरं पूर आल्यासारखी बाहेर पडली. भुरी त्यात होती, जिवंत! पुठ्ठ्यावर बाण चाटून गेल्याची लाल रेघ होती. ती नोमोलूनच्या शेजारून गेली, पण तिनं वळूनही पाहिलं नाही. नोमोलूननं हाळी द्यायला जीव एकवटला. आवाज नव्हताच.

मग ती घोड्यावरून उतरली. खोगिराला अडकवलेली कातडी बादली काढली, धार काढायला बसतात तशी गुडघा टेकून बसली आणि बुडावर थापा मारायला लागली. माणसं हसत होती. दूरवर धुळीतलं एक जनावर थांबलं.

भुरी आली, पण हाताला लागणार नाही एवढ्यावर उभी राहिली. नोमोलून जागची हलली नाही, नुसती थापा मारत राहिली. शेवटी घोडीनंच तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. तेव्हा कुठे नोमोलूननं तिच्या पोटाला गाल लावला, आणि आतून आरिगच्या शिंगरानं तिला सणसणीत लाथ मारली.